काळी जमीन म्हणजे भरपूर कर्ब? एक खुलासा

'तापीकाठची जमीन काळीभोर, म्हणजे तिच्यात सेंद्रिय कर्ब भरपूर, शेणखत कशाला?' हा समज खानदेशात जुना आहे. (सेंद्रिय कर्ब म्हणजे मातीत कुजलेल्या पालापाचोळा-शेणासारख्या पदार्थांतला कार्बन.) नुसत्या मुरलेल्या ओलीवर दादर (रब्बी ज्वारी) पिकवणारी जमीन पाहिली की तसं वाटणं साहजिक आहे.

ही ताकद मुख्यतः चिकणमातीची. ती पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवते. रंगाचं कारण वेगळं: बेसाल्ट खडकातली गडद खनिजं, आणि चिकणकणांना घट्ट चिकटलेला थोडासाच ह्यूमस (पूर्ण कुजलेला सेंद्रिय पदार्थ). इथल्या उन्हात सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजून संपतात, त्यामुळे काळ्या रानातही कर्ब बहुधा कमीच भरतो.

खात्री माती परीक्षणाने होते. पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी, ८-१० ठिकाणी २० सेंमी खोल व्ही आकाराचा खड्डा घ्या. बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडा. बांध, झाडाखालची जागा आणि उकिरडा टाळा, नाहीतर आकडा फसवा येतो. माती गोळा करायला खताचं घमेलं किंवा खताची गोणीही नको. माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन काढून टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. सावलीत वाळवून प्रयोगशाळेत द्या.

अहवालात सेंद्रिय कर्ब ०.५० टक्क्यांखाली असेल तर कमी, ०.७५ च्या वर असेल तर जास्त. कमी आला तर पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) जाळू नका; बारीक करून, कुजवून रानातच घाला.