पवनचक्कीच्या पायाखालचं पाणी

"पवनचक्क्या आल्या आणि पाऊस गेला." सातारा, सांगली किंवा धुळे जिल्ह्यात थोडंफार फिरलेल्या माणसाने हे वाक्य ऐकलं नसेल तर नवल. २००३ च्या दुष्काळाच्या आगेमागे तर हा समज फार जोरात होता. पाती ढग कापतात, पंख्याचा वारा ढगांना पुढे ढकलतो, अशी कारणंही लोकांकडे तयार असत. दुष्काळ खरा होता, रागही खरा होता. गणित मात्र बसत नाही. मोसमी वाऱ्यांचा बाष्पाने भरलेला थर काही किलोमीटर जाडीचा असतो, आणि त्या काळच्या पवनचक्कीच्या पात्याचं टोक जमिनीपासून फार तर शंभरेक मीटरवर. भरल्या नदीत काडी रोवून पूर अडत नाही, तसाच हा प्रकार.

तरीही मला हा समज हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. पवनचक्की गावाचं पाणी तोडू शकते, हे खरंच आहे. लोकांनी वर पाहिलं, एवढंच चुकलं. पाहायचं होतं खाली, चक्कीपर्यंत जाणाऱ्या रस्त्याकडे.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आयर्लंडमधलं आहे. गॉलवे परगण्यात स्लीव्ह ऑटी नावाची डोंगररांग आहे. तिच्यावर डेरीब्रायन इथे ७० पवनचक्क्यांचं काम चालू होतं. १६ ऑक्टोबर २००३ रोजी एका पायाचं खोदकाम सुरू असताना डोंगराचा माथा निसटला. साडेचार लाख घनमीटरच्या आसपास माती, तिच्यावर लावलेल्या सूचिपर्णी झाडांसकट, उताराला लागली. पुढच्या दिवसांत पाऊस झाला तसा तो राडा ओढ्यांतून नदीत उतरला आणि खूप खाली असलेल्या तळ्यापर्यंत वाहत गेला. नदीतले सुमारे पन्नास हजार मासे मेले. गंमत म्हणजे, गंमत कसली म्हणा, पहिल्यांदा माथा सरकला तेव्हा हवा कोरडी होती. दोष पावसावर ढकलायची सोयच नव्हती.

तिथली माती आपल्या ओळखीची नाही. तिला पीट म्हणतात. थंड, ओल्या प्रदेशात शेवाळ आणि गवत मरतं, पण पाण्याखाली हवा मिळत नसल्याने नीट कुजत नाही. हजारो वर्षं ते थरावर थर साचत जातं. ओंजळभर पीट घेऊन पिळलं तर भिजलेल्या स्पंजसारखं पाणी गळतं आणि हातात राहतो तपकिरी चोथा. खोलवरचं जुनं पीट तर बोटांच्या फटींतून शेणकाल्यासारखं बाहेर येतं. वजनाने पाहिलं तर त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणजे डोंगरावर माती बसलेली नसते, पाणी बसलेलं असतं. वरच्या तंतुमय सालीने त्याला कसंबसं धरून ठेवलेलं असतं.

आता एक हिशोब करू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, डेरीब्रायनचे नव्हेत. तीन मीटर जाडीचं पीट चार अंशांच्या उतारावर आहे असं धरा. चार अंश म्हणजे मीटरभर चाललं की सात सेंटिमीटर उतरणं. याला आपण घाट म्हणणार नाही, सायकल पायडल न मारता जाईल इतकाच उतार. एक चौरस मीटर पायाच्या अशा खांबाचं वजन साधारण ३,००० किलो. त्यातलं उताराच्या दिशेने खेचणारं बळ निघतं सुमारे २१० किलोचं. तळाच्या मऊ पीटची धरून ठेवायची ताकद चौरस मीटरला २५० किलो असेल तर डोंगर जागेवर राहील. आता पोकलेनवाल्याने खड्ड्यातून काढलेला माल शेजारीच मीटरभर उंचीने रचला. दुसरी जागाच नसते, तो तरी काय करणार! खांब झाला ४,००० किलोचा आणि ओढ झाली २८० किलोच्या घरात. संपलं. स्फोट नाही, भूकंप नाही. खोदलेली माती फक्त चुकीच्या बाजूला टाकली गेली.

डेरीब्रायनची चिकित्सा करणाऱ्यांनी ज्या गोष्टींवर बोट ठेवलं, त्यांत काढलेल्या पीटचा असा रचलेला भार होता. शिवाय पीटवर 'तरंगत' ठेवलेले मुरमाचे रस्ते होते, आणि झाडं लावताना मारलेल्या सरींनी वरची साल आधीच चिरलेली होती. युरोपीय न्यायालयाने ३ जुलै २००८ च्या निकालात नेमकं वर्मावर बोट ठेवलं: परवानगीसाठी दिलेल्या पर्यावरण अहवालांत जमिनीच्या स्थैर्याचा प्रश्न तपासलाच नव्हता. अहवाल होते, पण पायाखाली काय आहे हे त्यांत नव्हतं. आयर्लंडने ही त्रुटी भरून काढायला इतका वेळ लावला की नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने ५० लाख युरोचा दंड ठोठावला आणि वर दर दिवसाला १५,००० युरो. सरकारी खर्चाची ही तऱ्हा आपल्याला अगदीच परकी वाटू नये.

मग तपासणी नीट करायची म्हणजे काय करायचं? यात स्कॉटलंडचा अनुभव दांडगा आहे, कारण तिथे वारा आणि पीट दोन्ही भरपूर. कामाची सुरुवात अगदी साध्या हत्याराने होते: लांब पोलादी सळई. माणूस डोंगरभर चालतो आणि ठरावीक अंतरावर ती जमिनीत खुपसतो. कडक लागलं की पीट किती खोल ते कळलं. आधी शंभर मीटरच्या चौकटीत, मग जिथून रस्ता जाणार तिथे फार जवळजवळ. त्यावरून नकाशा तयार होतो आणि चक्कीची जागा त्या नकाशावर सरकवली जाते. वारा सगळ्यात चांगला असलेली जागा पुष्कळदा इथेच बाद होते.

पाण्याची बाजू याहून किचकट. तिथला नियम असा, की भूजलावर जगणारी पाणथळ जागा एक मीटरपेक्षा उथळ खोदकामापासून १०० मीटरच्या आत, किंवा त्याहून खोल खोदकामापासून २५० मीटरच्या आत असेल, तर तिचा वेगळा अभ्यास करावा लागतो. वाडीवस्तीचे खासगी झरे आणि विहिरी शोधून त्यांची यादी करावी लागते. कारण पायाचा खड्डा कोरडा ठेवायला पंप लावला की आजूबाजूची पातळी खाली येते. ओलं काँक्रीट धुतलेलं पाणी चुन्याच्या निवळीसारखं तिखट असतं. ते ओढ्यात गेलं तर मासे जगत नाहीत. पण पाया काही आठवड्यांत भरून होतो. रस्ता वीस-पंचवीस वर्षं राहतो आणि प्रत्येक पावसात पाण्याला नवी वाट दाखवत राहतो.

हाच रस्ता आपल्याकडेही पाहण्यासारखा आहे. साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार घ्या, किंवा कोयनेच्या जलाशयावरचं वनकुसवडे. तिथे पीट नाही. माथ्यावर जांभ्याची टोपी, खाली बेसॉल्टचे थर. जांभा चाळणीसारखा, पाऊस पिऊन घेतो. त्याखाली पांढरट चिकण माती असते. मंगळूरकडे तिला शेडी म्हणतात आणि तिकडचे इंजिनिअर तिच्या नावाने बोटं मोडतात. ही माती किंवा एखादा घट्ट कातळथर लागला की पाणी खाली जायचं थांबतं, आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर येतं. पायथ्याच्या कितीतरी वाड्यांना एप्रिल-मेमध्ये हाच आधार. कुणी झऱ्याला टाकं बांधून घेतं, कुणी नळी लावून उताराने पाणी घरापर्यंत आणतं. पुण्याच्या अॅक्वाडॅमसारख्या संस्थेने अशा झऱ्यांचा अभ्यास केला आहे, त्यामुळे ही यंत्रणा काही अज्ञात राहिलेली नाही.

आता या कुशीत आडवा रस्ता कापा. पात्याचा ट्रेलर वळायला हवा, म्हणून रुंद आणि लांब वळणांचा. कापलेल्या भिंतीतून पाणी ठिबकायला लागतं. ते कडेच्या चरात पडतं, चर त्याला पहिल्या मोरीपर्यंत नेतो, आणि मोरी ज्या ओढ्यावर असेल तिथे ते पडतं. तो ओढा शेजारच्या खोऱ्याचा असला तर खालच्या वाडीचा झरा बारीक होतो. पाऊस तेवढाच पडलेला असतो, पाण्याने फक्त पत्ता बदललेला असतो. वाडीतल्या माणसाला दिसतं ते एवढंच, की वर चक्की फिरतेय आणि खाली टाकं भरत नाहीये. त्याने काय निष्कर्ष काढावा?

दरीत ढकललेला माल हा दुसरा भाग. २०११ साली आलेल्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाच्या, म्हणजे गाडगीळ समितीच्या अहवालात भीमाशंकर अभयारण्यालगतच्या पवनऊर्जा प्रकल्पाचा उल्लेख आहे. त्यातही रोख रस्त्यांवरच आहे: तीव्र चढाचे, वाईट बांधलेले रस्ते, त्यांतून झालेली धूप आणि दरडी, आणि शेतांत व जलाशयांत जाऊन पडणारा राडारोडा.

कायद्याने मात्र यातलं फारसं काही आधी तपासावं लागत नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत ज्या प्रकल्पांची यादी आहे, तीत पवनऊर्जा नाहीच. वनजमीन लागली तर वनखात्याची परवानगी हवी, ते वेगळं. 'धूर नाही, मग आघात कसला' असा यामागचा विचार असावा. स्वच्छ ऊर्जा हवी आहे, यावर माझा वाद नाही. कोळशाच्या खाणीने भूजलाचं जे होतं त्याच्या पासंगालाही पवनचक्की पुरत नाही. पण म्हणून झरा मोजायचाच नाही, हे अजब आहे.

आणि मोजणं अवघड नाही. खोदकामाआधी निदान एक पूर्ण वर्ष, दर पंधरा दिवसांनी, झऱ्याखाली बादली धरायची आणि किती सेकंदांत भरते ते वहीत लिहायचं. विहिरीत दोर सोडून पातळी पाहायची. ओढ्याचं पाणी काचेच्या बाटलीत घेऊन गढूळपणा बघायचा. कोणत्या झऱ्याला पाणी कुठून येतं याचा संशय असेल तर पठारावर निरुपद्रवी रंग मिसळून तो खाली कुठे निघतो ते पाहता येतं. हे वर्ष एकदा हातचं गेलं की मागे जाऊन मोजता येत नाही. मग कंपनी म्हणते झरा आधीपासूनच आटत होता, गाव म्हणतं चक्कीने आटवला, आणि कागद दोघांकडेही नसतो.

डेरीब्रायनच्या चक्क्या २००६ पासून फिरत होत्या. २०२२ मध्ये नियोजन मंडळाने मागाहून द्यायची परवानगी नाकारली आणि प्रकल्प मोडीत काढायचं ठरलं. पण मोडीत काढायलाही त्याच रस्त्यांवरून, त्याच पीटवर अवजड क्रेन न्यावी लागते, आणि त्याआधी जमीन तपासावी लागते. आपल्याकडे वेळ उलटी आहे. २००० च्या सुमारास बसवलेल्या लहान चक्क्या म्हाताऱ्या झाल्या आहेत आणि त्यांच्या जागी मोठ्या बसवायचं केंद्राचं धोरण २०१६ पासून आहे. मोठी चक्की म्हणजे लांब पातं, लांब पातं म्हणजे घाटातलं प्रत्येक वळण पुन्हा रुंद करणं, म्हणजे डोंगराची कूस पुन्हा कापणं. वनकुसवड्याच्या खालच्या वाड्यांतले झरे अजून वाहते आहेत, तोवर बादली आणि घड्याळ घेऊन वर्षभर बसायला हरकत नसावी.