प्रोजेक्ट ब्लू बुक

उडत्या तबकड्या दिसल्याच्या वार्तांची चौकशी करण्यासाठी अमेरिकेच्या हवाई दलाने १९५२ ते १९६९ या काळात चालवलेला प्रकल्प. त्याचे कार्यालय ओहायो राज्यात, डेटन शहराजवळच्या राइट-पॅटरसन हवाई तळावर होते. दप्तरी १२,६१८ घटना जमा झाल्या; त्यांपैकी ७०१ घटनांचा उलगडा झाला नाही.

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या हौशी वैमानिकाला माउंट रेनियर शिखराजवळ नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे घेत जाते तशी त्यांची चाल होती, असे त्याने सांगितले. वर्तमानपत्रांनी चालीची उपमा आकाराला चिकटवली आणि ‘तबकडी’ जन्मली. शीतयुद्धाचे दिवस असल्याने हे सोव्हिएत संघाचे एखादे नवे यान तर नव्हे, ही हवाई दलाची पहिली शंका होती. त्यातून १९४८ मध्ये ‘साइन’ आणि १९४९ मध्ये ‘ग्रज’ हे प्रकल्प निघाले. ‘ग्रज’चा सूर उघडउघड नाकारण्याचा होता. १९५१ मध्ये कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट यांच्याकडे सूत्रे आली आणि १९५२ मध्ये नाव बदलून ‘ब्लू बुक’ झाले. महाविद्यालयीन परीक्षेतल्या निळ्या उत्तरपत्रिकांवरून ते घेतले होते. ‘यूएफओ’ (ओळख न पटलेली उडती वस्तू) ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेयही रुपेल्ट यांनाच दिले जाते.

काम तसे रुक्ष होते. साक्षीदाराकडून छापील प्रश्नावली भरून घ्यायची, मग त्या वेळी आकाशात कोणती विमाने, हवामानाचे फुगे, ग्रह किंवा उल्का होत्या ते ताडून पाहायचे. खगोलशास्त्राची बाजू जे. ॲलन हायनेक हे सल्लागार सांभाळत. शुक्राने भल्याभल्यांना चकवल्याचे या दप्तरात पुन्हापुन्हा दिसते.

जुलै १९५२ मध्ये लागोपाठ दोन शनिवार-रविवारी खुद्द राजधानी वॉशिंग्टनच्या रडारवर अनोळखी ठिपके उमटले आणि लढाऊ जेट विमाने धाडावी लागली. २९ जुलैला मेजर जनरल जॉन सॅम्फर्ड यांनी पत्रकार परिषद घेऊन तापमानाच्या व्युत्क्रमणाकडे, म्हणजे थंड हवेवर उबदार हवेचा थर बसून रडारलहरी वाकण्याकडे, बोट दाखवले. सीआयएला मात्र वेगळीच काळजी लागली. जानेवारी १९५३ मध्ये तिने भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसवली. तबकड्यांपासून थेट धोका नाही, पण वार्तांच्या लोंढ्यात खऱ्या हल्ल्याची सूचना बुडून जाईल, तेव्हा लोकांचे कुतूहल ओसरेल असे पाहावे, असा तिचा सल्ला होता. ब्लू बुक पुढे चौकशीपेक्षा समजूत घालण्याकडे झुकला, त्याचे मूळ इथे आहे.

या झुकण्याला दुसरीही बाजू होती. १९५५ पासून यू-२ हे हेरविमान ६०,००० फुटांवरून उडू लागले. मावळतीनंतरही त्या उंचीवर ऊन असल्याने ते खालून झळाळताना दिसे. ब्लू बुकचे अधिकारी सीआयएकडे विचारणा करून अशी प्रकरणे गुपचूप निकालात काढत. पत्र लिहिणाऱ्या नागरिकाला मात्र भलतेच नैसर्गिक कारण कळवले जाई. त्या काळातल्या निम्म्याहून अधिक वार्ता अशा उड्डाणांच्या होत्या, असे सीआयएच्या इतिहासकाराने १९९७ मध्ये लिहिले. हे प्रमाण अनेक अभ्यासकांना फुगवलेले वाटते.

मार्च १९६६ मध्ये मिशिगनमध्ये दिसलेल्या गूढ दिव्यांना हायनेक यांनी दलदलीतल्या वायूचे कारण दिले आणि देशभर टवाळी झाली. तिथले काँग्रेस सदस्य जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी संसदीय चौकशी मागितली. हवाई दलाने मग कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड काँडन यांच्याकडे स्वतंत्र अभ्यास सोपवला. या विषयातून विज्ञानाच्या पदरी काही पडलेले नाही, असा निष्कर्ष काँडन यांनी काढला. त्यांच्याच अहवालातली काही प्रकरणे मात्र अनुत्तरित राहिली. १७ डिसेंबर १९६९ रोजी प्रकल्प बंद झाल्याचे जाहीर झाले. हायनेक यांचे मत तोवर पालटले होते. १९७३ मध्ये त्यांनी यूएफओच्या अभ्यासासाठी स्वतःचेच केंद्र काढले.

ब्लू बुकची कागदपत्रे आता अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सर्वांना पाहता येतात.