वादळात गेलेली वीज आणि ताशी 50 रुपये

वादळात लाईट गेली तर वायरमनला फोन करायचा, फार तर सबस्टेशनवर चक्कर मारायची. भरपाई मागायचे सहसा कुणाच्या डोक्यातही येत नाही. तरतूद मात्र वीस वर्षांहून जुनी आहे.

1986च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वीजपुरवठ्याला ‘सेवा’ मानले होते. पण तिथे नुकसान सिद्ध करत बसावे लागे. 2003च्या विद्युत कायद्यातील कलम 57 ने सोपी वाट काढली. पुरवठ्याची मानके, म्हणजे बिघाड किती तासांत दुरुस्त व्हावा वगैरे, राज्याच्या वीज आयोगाने ठरवायची, ती मोडली की कंपनीने ग्राहकाला ठरलेली रक्कम द्यायची. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे विनियम 2005 मध्ये आले. वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झाली तीही त्याच वर्षी. त्यांत खेड्यात फ्यूज कॉलला, म्हणजे फ्यूज गेल्याच्या तक्रारीला, 18 तास आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली तर 48 तास अशी मुदत होती. त्यापुढे तासाला 50 रुपये भरपाई होती, आणि तिची मागणी 60 दिवसांच्या आत करायची होती.

खरी मेख पुढे आहे. चक्रीवादळ, पूर, वीज कोसळणे अशा आपत्तींत कंपनीला या मानकांतून सूट मिळते. एवढेच वाचून बहुतेक जण गप्प बसतात. पण सूट लागू आहे की नाही, हे ठरवणार आयोग. स्थानिक कार्यालयातले साहेब नव्हेत. शिवाय हलगर्जीपणा किंवा देखभालीतली कुचराई यांमुळे बिघाड झाला असेल, तर सूट नाही, असेही त्याच विनियमांत लिहिले होते. म्हणजे तारांवर आलेली फांदी पावसाळ्याआधी तोडली होती का, गंजलेला खांब बदलला होता का, हे प्रश्न वादळानंतरही विचारता येतात. माझ्या मते सगळ्यात कामाचे वाक्य हेच, आणि सगळ्यात कमी वापरलेलेही.

2009चे फयान, 3 जून 2020चे निसर्ग, पुढच्या मे महिन्यातले तौक्ते या चक्रीवादळांनी कोकणाला हा विषय पुन्हा पुन्हा दाखवला. निसर्गनंतर रायगड, दापोली, मंडणगड भागांतली कित्येक गावे आठवडे अंधारात होती. त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला केंद्राचे वीज ग्राहक हक्क नियम आले. जिथे दूरस्थ नोंद शक्य आहे तिथे भरपाई न मागता, आपोआप द्यावी, असे ते सांगतात. राज्याच्या आयोगाने 2005च्या जागी आणलेले 2014चे विनियम बदलून 2021 मध्ये नवे केले.

फ्यूज कॉलचे तास तक्रार पोहोचल्यापासून मोजायचे. निसर्गच्या वेळी तर मोबाइलचे टॉवरही बंद पडले होते.