वकील न लावता स्वतःची केस चालवायची असेल तर: पुण्यातील पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

स्वतःच्या दाव्यात स्वतः उभे राहायला शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात किंवा खेड, जुन्नर, बारामतीसारख्या तालुक्याच्या न्यायालयात कुणाची परवानगी काढावी लागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 3 नुसार पक्षकार स्वतः, मुखत्यारामार्फत किंवा वकिलामार्फत हजर राहू शकतो. वकीलपत्राच्या जागी तुमची स्वतःची सही आणि पत्ता येतो, एवढाच फरक. न्यायालयात अशा माणसाला 'पार्टी इन पर्सन' म्हणतात.

एक प्रश्न फार लोक विचारतात: "वडिलांना चालवत नाही, त्यांच्या वतीने मी बोलू का?" मुखत्यारपत्र असेल तर तुम्ही अर्जावर सही करू शकता, कागद दाखल करू शकता, तारखेला हजर राहू शकता. पण युक्तिवाद करणे हे वकिलाचे काम समजले जाते. त्यासाठी अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट 1961 च्या कलम 32 खाली न्यायाधीशांची परवानगी लागते आणि ती त्या एका केसपुरती असते. शिवाय जी गोष्ट फक्त वडिलांनाच माहीत आहे, तिची साक्ष मुखत्यार देऊ शकत नाही. ती त्यांनीच द्यावी लागते.

कोणती केस स्वतः घ्यावी

कायदा सगळ्यांना सारखी मुभा देतो, पण सगळ्या केस सारख्या नसतात. पैसे भरूनही न मिळालेली सेवा, अर्धवट सोडलेल्या क्लासची फी, बिघडलेली वस्तू यांसाठी जिल्हा ग्राहक आयोग ही सर्वात सोयीची जागा आहे. हातउसने दिलेल्या रकमेचा दावा जमतो. चेक न वटल्याची तक्रारही जमते, पण तारखांना डोळ्यांत तेल घालून जपावे लागते. बँकेकडून चेक परत आल्याचे कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला समोरच्याला 15 दिवस, आणि ते संपल्यावर एक महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार.

वाटपाचा दावा, जमिनीच्या मालकीचा वाद किंवा स्वतःवर दाखल झालेला फौजदारी गुन्हा असेल तर माझे कळकळीचे सांगणे आहे, वकील घ्या. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. 1987 च्या कायद्याप्रमाणे महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. हेल्पलाइन 15100. फक्त मोफत वकिलाची माहिती नसल्यामुळे एकटे उभे राहणारे लोक पाहिले की वाईट वाटते.

पोलिसांनी दाखल केलेल्या गुन्ह्यात फिर्यादीने केस 'चालवायची' नसते, ते काम सरकारी वकिलाचे. कौटुंबिक न्यायालयात मात्र उलटी स्थिती आहे. 1984 च्या कायद्याच्या कलम 13 नुसार तिथे वकील लावणे हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. म्हणजे त्या न्यायालयाची रचनाच पक्षकाराने स्वतः बोलावे अशी आहे आणि विवाह समुपदेशकही तिथेच असतात.

कागदपत्रे

दाव्याचा अर्ज मराठीत लिहिता येतो. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठीच आहे. त्यात न्यायालयाचे नाव, वादी-प्रतिवादींची पूर्ण नावे आणि पत्ते, काय घडले ते तारखांच्या क्रमाने, दाव्याचे कारण कधी आणि कुठे घडले, हेच न्यायालय का, दाव्याची किंमत किती आणि शेवटी नेमके काय मागता हे लिहायचे. मागणी ढोबळ ठेवू नका. 'न्याय मिळावा' असे लिहिणारे बरेच असतात. न्यायालय देऊ शकते ती रक्कम, त्यावरचे व्याज, ताबा किंवा मनाई, आणि बहुधा तुम्ही मागितले तेवढेच. खाली सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याचे सहीनिशी लिहिणे, आणि सोबत प्रतिज्ञापत्र. न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, त्यामुळे बाहेर कुणी स्टॅम्प पेपर गळ्यात मारू लागले तर घेऊ नका.

मग दस्तऐवजांची यादी. तिला क्रमांक द्या, प्रत्येक पानावर पान क्रमांक टाका, प्रतिवादी जितके तितके संच जादा काढा आणि एक संच स्वतःकडे ठेवा. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जोडा. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज किंवा फोनमधील रेकॉर्डिंग पुरावा म्हणून द्यायचे असेल, तर नुसती छापील प्रत पुरत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते. त्याचा पहिला भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. मूळ फोन मात्र विकू किंवा फॉरमॅट करू नका.

दावा दाखल करण्याआधी मुदत मोजा. हातउसन्या रकमेसाठी साधारणपणे पैसे दिल्यापासून 3 वर्षे मिळतात. मुदत संपण्याआधी समोरच्याने सही करून लेखी कबुली दिली, तर त्या तारखेपासून नव्याने मोजतात. ग्राहक तक्रारीला 2 वर्षे. सरकार किंवा सरकारी अधिकाऱ्यावर दावा करायचा तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस आणि दोन महिने वाट.

कोर्ट फी दाव्याच्या किमतीवर ठरते. महिलांना पोटगी, घटस्फोट, मालमत्तेचा वाद आणि अत्याचाराच्या प्रकरणांत राज्य शासनाच्या 1994 च्या अधिसूचनेने ती माफ आहे, ही गोष्ट अर्जातच लिहा. ग्राहक आयोगात, वस्तू किंवा सेवेसाठी तुम्ही मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, 5 ते 10 लाखांपर्यंत 200 रुपये, आणि जिल्हा आयोगाची मर्यादा 50 लाख. तक्रार ऑनलाइन करता येते आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दाखल करता येते. कंपनी बेंगळुरूची असली तरी तक्रार पुण्यात चालते.

दाखल झाल्यावर

दाव्याला नंबर पडतो आणि 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो ई-कोर्ट्स अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि आदेश दिसतात. समन्ससाठीची प्रोसेस फी लगेच भरा. ती न भरल्यामुळे बेलिफाकडे समन्स जातच नाही आणि तारखा वाया जातात. फाइलमधल्या प्रत्येक कागदाला निशाणी क्रमांक असतो. दावा निशाणी 1, आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज बहुतेक वेळा निशाणी 5. म्हणून कोर्टात कुणी 'एक्झिबिट पाचवर ऑर्डर झाली का' असे विचारले तर गोंधळू नका.

तुम्ही प्रतिवादी असाल तर समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची. न्यायालय कारण पाहून समन्सपासून एकूण 90 दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकते. त्यानंतर 'नो डब्ल्यूएस'चा (कैफियत आली नाही असा) हुकूम होतो आणि तो रद्द करून घेण्यासाठी वेगळा अर्ज लिहीत बसावे लागते.

तारखेला सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या केसची यादी) पाहून आपला क्रमांक लक्षात ठेवा आणि पुकारा होईल तेव्हा कोर्टहॉलमध्येच असा. वादी गैरहजर राहिला तर दावा काढून टाकला जाऊ शकतो. प्रतिवादी गैरहजर राहिला तर एकतर्फी चालतो. दावा काढल्याचा हुकूम किंवा एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी मुदत फक्त 30 दिवसांची आहे. आजारी असाल तर कुणाकरवी तरी मुदतीचा अर्ज पोचवा. न्यायाधीशांना उभे राहून 'पार्टी इन पर्सन आहे' एवढे सांगा आणि विचारले तेवढेच बोला. बाहेर पडल्यावर त्या दिवशी काय झाले ते रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत) पाहून वहीत लिहा.

सगळ्यात अवघड टप्पा उलटतपासाचा. सरतपास, म्हणजे तुमची स्वतःची साक्ष, तुम्ही प्रतिज्ञापत्रावर देता, त्यानंतर समोरचे वकील तुम्हाला प्रश्न विचारतात. तेव्हा प्रश्न पूर्ण ऐका आणि आठवत नसेल तर आठवत नाही असेच सांगा. वाद घालू नका. पुढे त्यांच्या साक्षीदाराला प्रश्न विचारायची पाळी तुमची. एका प्रश्नात एकच गोष्ट असावी. 'तुम्ही माझे पैसे बुडवले, फसवले आणि वर धमकी दिली ना?' असा प्रश्न नुसता 'नाही' म्हणवून घेतो. त्याऐवजी 'या कागदावरची सही तुमची आहे का?', मग 'या तारखेला तुमच्या खात्यात दीड लाख जमा झाले का?' असे एकेक पाऊल पुढे सरका. साक्षीदाराचे जे म्हणणे तुम्हाला मान्य नाही, ते खोटे आहे असे त्याला थेट प्रश्नातून सुचवा. न विचारता सोडलेली गोष्ट तुम्हाला मान्य आहे असे धरले जाऊ शकते. प्रश्नांची यादी आदल्या दिवशी लिहून न्या.

उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर

मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच (मुख्य शहराबाहेर बसणारे खंडपीठ) 18 ऑगस्ट 2025 ला सुरू झाले, पण पुणे जिल्हा त्यात नाही. आपल्याला मुंबईलाच जावे लागते. तिथे मात्र थेट उभे राहता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2015 च्या नियमांनुसार, वकील का लावत नाही याचे कारण देणारा अर्ज करावा लागतो. प्रबंधक कार्यालयातील दोन अधिकाऱ्यांची समिती तुमचे कागद तपासते, तुमच्याशी बोलते आणि तुम्ही न्यायालयाला मदत करू शकाल असा दाखला देते. कामकाज इंग्रजीत चालते, त्यामुळे मराठी कागदांचे भाषांतर आधीच करून ठेवावे.

निकाल लागला की त्याच दिवशी नक्कल अर्ज, म्हणजे निकालाची प्रमाणित प्रत मिळण्याचा अर्ज, द्या. दिवाणी न्यायाधीशांच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस, उच्च न्यायालयात 90 दिवस आणि जिल्हा ग्राहक आयोगाच्या आदेशावर राज्य आयोगात 45 दिवस असतात. दिवाणी अपिलात नक्कल मिळायला लागलेला काळ मुदतीतून वगळतात, पण अर्ज दिल्यापासूनचाच. तो उशिरा दिला तर मधले दिवस तुमच्या खात्यातून जातात.