ऑटोक्रॉससाठी ब्रेक पॅडची निवड

ऑटोक्रॉस ही डांबरी किंवा काँक्रीटच्या मोकळ्या पटांगणावर शंकू मांडून आखलेल्या मार्गावरची वेळेची शर्यत असून तीत एका वेळी साधारणपणे एकच गाडी धावते. अमेरिकेत स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका (स्थापना १९४४) ती 'सोलो' या नावाने भरवते. ब्रिटनमधले ऑटोक्रॉस गवतावर किंवा मातीवर होते, भारतातलेही बहुधा मातीवर. तिथे पकड मुळातच कमी असल्याने पॅडचे (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबून वेग उतरवणाऱ्या घर्षणपट्टीचे) गणित वेगळे असते. ही नोंद पक्क्या पृष्ठभागापुरती आहे.

एक फेरी जेमतेम मिनिटभराची. त्यामुळे पॅड थंड असताना किती धरतो, हा निवडीतला पहिला प्रश्न. हौशी चालक बरेचदा उलटे करतात: डब्यावर 'रेस' लिहिलेले पाहून सर्किटचा पॅड घेतात. १२०० किलोची गाडी ताशी ८० वरून ४० किमीवर आणताना सुमारे २२० किलोज्यूल ऊर्जा खर्च करावी लागते. सर्किटवर १८० वरून ८० वर येताना जवळपास १२०० किलोज्यूल. सर्किटचा पॅड या दुसऱ्या प्रकारच्या उष्णतेसाठी घडवलेला असतो. ती मिळालीच नाही तर तो नीट धरत नाही, किंचाळतो आणि डिस्क मात्र खात राहतो.

अमेरिकी पद्धतीच्या पॅडवर 'एफएफ', 'जीजी' अशी अक्षरे छापलेली असतात. 'एफ' म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिले अक्षर नेहमीच्या तापमानाचे, दुसरे तापलेल्या पॅडचे. पण 'नेहमीचे' म्हणजेही ९३ ते २०४ अंश सेल्सियस. सकाळच्या पहिल्या फेरीत पॅड तेवढा तापलेलाच नसतो, म्हणून या अक्षरांवर फार विसंबू नये.

रस्त्यावर वापरायचे पण जरा तिखट असे पॅड बहुतेकांना पुरतात. एबीएस (जोराच्या ब्रेकमध्ये चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागू होईपर्यंत ब्रेक लागत असेल, तर थांबण्याचे अंतर टायर ठरवतो. महागड्या पॅडने ते घटत नाही. पॅडमुळे बदलते ती पायाखालची जाण: पेडल किती दाबले की किती ब्रेक लागतो, आणि वळणात शिरताना तो हळूहळू सोडता येतो का. पहिल्या स्पर्शालाच कचकन धरणारा पॅड इथे त्रासदायक ठरतो. फक्त पुढचे पॅड बदलले तर ब्रेकचा तोल पुढे सरकतो आणि मागची चाके आळशी होतात.

अपवाद एकाच गाडीवर दोन चालक असण्याचा. फेऱ्या लागोपाठ होतात, चाकांना निवायला वेळ मिळत नाही, आणि तेव्हा थोडा अधिक उष्णता सोसणारा पॅड उपयोगी पडतो. त्याआधी ब्रेक ऑइल मात्र बदलावे: डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो.

नवे पॅड स्पर्धेच्या दिवशी बसवू नयेत. आदल्या आठवड्यात मोकळ्या रस्त्यावर ताशी ६०–७० किमीवरून आठ-दहा वेळा वेग उतरवून, पूर्ण न थांबता, ते डिस्कवर बसू द्यावेत. नेमकी कृती उत्पादकाच्या कागदावर असते.