मुरुडच्या मुक्कामातील एक मोकळा दिवस
(आमच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे दोन-तीन रात्रींसाठी येणारे बहुतेक पाहुणे येतानाच ठिकाणांची यादी घेऊन येतात. सुवर्णदुर्ग, कड्यावरचा गणपती, केशवराज, डॉल्फिन, हर्णैचा मासळी लिलाव, जमल्यास पन्हाळेकाजीची लेणी. ही सगळी ठिकाणे एका दिवसात उरकता येतात, हे खरे. परंतु तो दिवस गाडीतच जातो आणि संध्याकाळी पाहुणे दमून पडवीत बसलेले दिसतात. म्हणून मुक्कामातील किमान एक दिवस यादीविना ठेवावा, अशी आमची विनंती आहे. त्या दिवसाची आखणी कशी करावी, एवढ्यापुरतेच हे पत्रक आहे.

येण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. आमचे मुरुड हे रत्नागिरी जिल्ह्यातील, दापोली तालुक्यातील, हर्णैजवळचे मुरुड होय. रायगड जिल्ह्यातील मुरुड-जंजिरा नव्हे. मोबाइलच्या नकाशावर केवळ ‘मुरुड बीच’ असे लिहून निघालेल्या पाहुण्यांना जंजिऱ्याजवळून आम्हाला फोन करावा लागलेला आहे.

भरती-ओहोटीचा हिशेब

मोकळ्या दिवसाचे वेळापत्रक घड्याळापेक्षा समुद्रावर अवलंबून असते. दिवसातून साधारणपणे दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि त्यांची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे काल सकाळी आठ वाजता लांबवर उघडी पडलेली पुळण चार दिवसांनी त्याच वेळी पाण्याखाली असू शकते. किनाऱ्यावरील जुनी माणसे यासाठी तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणून दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तिच्यापासून सुमारे सहा तासांनी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला हाच हिशेब सहावर येतो, म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला. हा अंदाज अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तरी दिवस आखण्यास तो पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा पाणी वर खूप चढते आणि खाली खूप उतरते; अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक कमी राहतो. दिनदर्शिका ओटीवर टांगलेली आहे.

फिरण्यासाठी ओहोटीची वेळ उत्तम. मुरुडची पुळण सपाट असल्यामुळे पाणी उतरले की चालण्यास विस्तीर्ण ओली वाळू मिळते. खाली वाकून पाहिल्यास बोटाच्या पेराहूनही लहान खेकड्यांनी आपापल्या बिळाभोवती वाळूच्या बारीक गोळ्या रांगोळीसारख्या मांडलेल्या दिसतात. वाळूतील खाद्य वेचून घेऊन उरलेली वाळू ते अशी गोळी करून टाकतात, आणि पुढची भरती ती सगळी पुसून नेते. मुले इथे तासभर रमतात. पोहण्यासाठी मात्र ओहोटीची वेळ टाळावी, कारण उतरते पाणी माणसाला आत ओढते. चढत्या पाण्यातही कमरेच्या पुढे जाऊ नये. पुळणीवर गाडी नेऊ नये. ओल्या वाळूत चाक एकदा रुतले की भरती कोणासाठी थांबत नाही, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत इंजिनात खारे पाणी शिरलेले असते.

होडीने जायचे असल्यास सकाळीच जावे. तोवर जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे ओसरलेले असतात आणि समुद्रावरून येणारे खारे वारे अजून जोर धरत नाहीत, त्यामुळे पाणी शांत मिळते. डॉल्फिन दिसतीलच, अशी हमी आम्ही देत नाही. कोणी देत असल्यास ती खरी मानू नये. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसू नये.

दुपार आणि संध्याकाळ

दुपारी बारा ते चार या वेळेत बाहेर पडू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. जेवणानंतर आगरात नारळी-पोफळीच्या सावलीत खाटा टाकून ठेवलेल्या असतात. गावातच थोडे फिरायचे असल्यास दुर्गादेवीचे मंदीर पाहावे; मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालेल्या या गृहस्थांनी तरुणपणी एका परीक्षेसाठी येथून साताऱ्यापर्यंत पायपीट केली होती, हे चालण्याचा कंटाळा करणाऱ्या मुलांना आम्ही आवर्जून सांगतो.

ऊन कलल्यावर एकच ठिकाण निवडावे. आसूदचे केशवराज मंदीर निवडल्यास छोटा पूल ओलांडून पोफळीच्या बागांमधून पायऱ्या चढाव्या लागतात, आणि वर गोमुखातून पडणारे थंड पाणी मिळते. गुडघे दुखणाऱ्यांनी तिथे जाण्याचा आग्रह धरू नये. त्यांच्यासाठी आंजर्ल्याचा उजव्या सोंडेचा कड्यावरचा गणपती सोयीचा आहे, तिथून सुवर्णदुर्गही दिसतो. अंगारकीला मात्र तिथे निवांतपणा मिळणार नाही. हर्णै बंदरातील लिलाव पाहायचा असल्यास जुन्या चपला घालून जावे आणि बोली चालू असताना टोपल्यांच्या मध्ये उभे राहू नये. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असल्याने तेव्हा लिलाव होत नाही.

जेवणात तांदळाची भाकरी, भात, सोलकढी आणि त्या दिवशी बंदरावर जे ताजे मिळेल ते असते. सुरमई किंवा पापलेटच हवे, असे आधी ठरवून येऊ नये. बांगडा ताजा असेल त्या दिवशी आम्ही बांगडाच वाढतो. शाकाहारी पाहुण्यांसाठी कुळथाचे पिठले आणि वालाची उसळ वेगळ्या भांड्यांत केली जाते. उकडीचे मोदक हवे असल्यास आदल्या संध्याकाळी आणि मासे नको असल्यास सकाळी न्याहारीपूर्वी स्वयंपाकघरात सांगावे.