पायांची अस्वस्थता आणि फेरिटिनची तपासणी

अंथरुणाला पाठ टेकली की पाय शिवशिवू लागतात, पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळल्यासारखे वाटते, उठून चार पावले चालले की बरे वाटते आणि पुन्हा आडवे झाले की तेच सुरू होते, अशी तक्रार घेऊन आमच्या प्रयोगशाळेत अनेक जण येतात. या विकाराला रेस्टलेस लेग्स सिंड्रोम म्हणतात. स्वीडनचे डॉ. कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले होते.

मेंदूत डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या एन्झाइमला लोहाची गरज असते. लोह अपुरे पडले की हालचालींवर नियंत्रण ठेवणारी ही यंत्रणा बिघडते आणि पायांचा हा त्रास होतो, असे मानले जाते. "माझे हिमोग्लोबिन १३ आहे, मग लोह कमी कसे?" हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो, आणि तो रास्तच आहे. परंतु लोह कमी पडू लागले की शरीर आधी साठ्यातले लोह वापरते आणि हिमोग्लोबिन त्यानंतर उतरते. हा साठा रक्तातील फेरिटिनवरून, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनावरून कळतो.

येथे एक बारकावा आहे. फेरिटिन ४० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आले तर अहवालात ते सहसा 'सामान्य'च दिसते. तरीही या विकाराच्या प्रौढ रुग्णांत फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी, अथवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून लोह वाहून नेणारे प्रथिन लोहाने किती भरले आहे याचे प्रमाण) २० टक्क्यांहून कमी असल्यास डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. म्हणून केवळ 'सामान्य' हा शब्द वाचून अहवाल बाजूला ठेवू नये.

नमुना सकाळी उपाशीपोटी द्यावा आणि लोहाची गोळी आदल्या दिवशी घ्यावी की नाही, हे डॉक्टरांना विचारावे. ताप, संसर्ग किंवा सूज असल्यास फेरिटिन खोटे वाढलेले दिसते, त्यामुळे तशी स्थिती नमुना देतानाच सांगावी.

लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. काही व्यक्तींच्या शरीरात लोह मुळातच जास्त साठते आणि त्यांना त्यापासून अपाय होतो. शिवाय प्रत्येक वेळी कारण लोहच असते असे नाही. मूत्रपिंडाचे विकार, गरोदरपण, तसेच सर्दी-अ‍ॅलर्जीची किंवा उलटीवरची काही औषधे यांमुळेही पायांची ही अस्वस्थता वाढते. मानसिक आजारांवरील काही औषधांनी दिवसभर एका जागी बसवेनासे होते, तो प्रकार वेगळा असून त्याला अकॅथिसिया म्हणतात. तेव्हा चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावी.